बीएस्सीचं पहिलं वर्ष झालंय. घरच्या केळीच्या बागेसाठी वर्षभर शिक्षण थांबवलं तर प्रवेश बुडेल का?

नाही बुडणार, पण गुपचूप थांबू नको. आपल्याकडे यावल-रावेरची पोरं कापणीच्या दिवसांत कॉलेजला जायचीच बंद होतात, अर्ज नाही, काही नाही. घोळ तिथेच होतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाची 40 श्रेयांकं (क्रेडिट) आणि वर 4 श्रेयांकांचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केला की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. मग 3 वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण 7 वर्षांत पदवी संपवायची. श्रेयांकं एबीसी खात्यात, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाइन बँकेत (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) जमा राहतात. ती तिथे दिसतात का, हे डिजिलॉकरमध्ये आजच बघ. बॅकलॉग, म्हणजे नापास राहिलेला विषय, असेल तर हा मार्ग अवघड, आधी तो काढ.

प्राचार्यांच्या नावे अर्ज दे आणि पोच घे. तोंडी 'हो' वर जाऊ नको, पुढच्या वर्षी क्लार्क बदललेला असतो! परतताना गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती असेल तर गॅपची अट आधी वाच. जळगावच्या विद्यापीठाचा परीक्षा अर्ज बाहेरून, म्हणजे कॉलेजला न जाता, भरता येतो का, तेही विचार. प्रॅक्टिकलमुळे बीएस्सीला ते कठीण जातं.