बँकेच्या जुन्या खिडकीवर कॉफीचे ड्राइव्ह-थ्रू चालवता येईल का?

प्रश्न: मध्य न्यू जर्सीतील एका टाउनशिपमध्ये, खाली दुकाने आणि वर घरे अशा मिश्र वापराच्या व्यापारी विभागात, आम्ही पतीपत्नींनी बंद पडलेल्या बँकेची इमारत दहा वर्षांच्या भाडेकराराने घेतली आहे. बँकेला ड्राइव्ह-थ्रूची, म्हणजे गाडीतून न उतरता काम उरकण्याची, खिडकी होती. तिचाच उपयोग करून कॉफी आणि नाश्त्याचे दुकान चालवायचा आमचा बेत होता. झोनिंग ऑफिसरने (जागेच्या वापराचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) या महिन्याच्या ३ तारखेच्या पत्राने परवाना नाकारला. ‘या विभागात रेस्टॉरंटच्या ड्राइव्ह-थ्रूला मनाई आहे’ एवढेच कारण दिले आहे. खिडकी इतकी वर्षे चालत होती, मग ती आम्हाला का चालवता येऊ नये? टाउनशिपच्या झोनिंग ऑर्डिनन्सची (नियमावलीची) पाने आणि जागेचा नकाशा सोबत जोडला आहे.

उत्तर: आपल्या प्रकरणात सर्वांत तातडीची बाब तारखेची आहे. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉच्या कलम ४०:५५डी-७२ प्रमाणे झोनिंग ऑफिसरच्या निर्णयाविरुद्ध वीस दिवसांच्या आत झोनिंग बोर्डाकडे अपील करावे लागते, आणि अपिलाची नोटीस कारणांसह त्याच ऑफिसरकडे दाखल करायची असते. म्हणजे आपली मुदत २३ तारखेला संपते. व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून या जागेपुरती सूट मागण्याचा, अर्ज बोर्डाकडे नंतरही थेट करता येतो. परंतु ऑफिसरने ऑर्डिनन्सचा अर्थच चुकीचा लावला, हे म्हणणे मुदत टळल्यावर टिकवणे अवघड होते, आणि माझ्या मते आपल्याकडे तेच म्हणणे सर्वांत भक्कम आहे. भाडेकरार कंपनीच्या नावाने असेल तर बोर्डापुढे वकिलामार्फतच उभे राहावे लागेल, हेही आताच लक्षात घ्यावे.

आपण ज्या मुद्द्यावर भिस्त ठेवली आहे तो मात्र मला लंगडा वाटतो. त्याच कायद्याच्या कलम ६८ खाली जुन्या वापराला जे संरक्षण मिळते ते ऑर्डिनन्स बदलण्यापूर्वी कायदेशीरपणे चालू असलेल्या वापराला मिळते, भिंतीतल्या खिडकीला नव्हे. आपण पाठवलेल्या पानांनुसार या विभागात बँकेला ड्राइव्ह-थ्रूसह आजही परवानगी आहे. म्हणजे ती खिडकी नियमबाह्य पण संरक्षित अशी कधी नव्हतीच, ती बँकेच्या मान्य वापराचा एक जोडभाग होती आणि बँकेबरोबरच तिचा हक्कही गेला. शिवाय बँकेत दिवसभर तुरळक येणाऱ्या गाड्या आणि सकाळी कामावर निघालेल्या माणसांची कॉफीसाठी लागणारी रांग यांत मोठा फरक आहे. वाहतूक अभियंते ज्या ट्रिप जनरेशन मॅन्युअलचा (कोणत्या वापराने किती गाड्या येतात याच्या संदर्भग्रंथाचा) आधार घेतात, त्यात ड्राइव्ह-इन बँक आणि ड्राइव्ह-थ्रू असलेले कॉफी-डोनटचे दुकान हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. तरीही बँकेला मंजुरी देणारा मूळ ठराव ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली (सरकारी कागदपत्रे मागण्याच्या कायद्याखाली) मागवून घ्या. त्यातील अटी आज ना उद्या कोणीतरी बोर्डापुढे वाचून दाखवीलच, तेव्हा त्या आधी आपण वाचलेल्या बऱ्या.

आता ऑर्डिनन्सकडे वळू. ऑफिसरने सर्वसाधारण मनाईचे कलम वाचले. पण आपणच जोडलेल्या पुढच्या पानावर ‘सशर्त वापर’ या यादीत ड्राइव्ह-थ्रू रेस्टॉरंटचा उल्लेख आहे आणि त्याला दोन अटी आहेत : रांगेत किमान आठ गाड्यांची जागा, आणि निवासी भूखंडाच्या हद्दीपासून १०० फूट अंतर. आपल्या नकाशात सहा गाड्यांची जागा आणि ७० फूट अंतर दिसते. हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. वापर सरसकट निषिद्ध असेल तर कलम ७०(डी)(१) चा व्हेरियन्स लागतो, आणि साउथ प्लेनफील्डमधील मोटेलसंबंधीच्या मेडिची खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितल्याप्रमाणे, नगर प्रशासनाने जो वापर मुद्दाम वगळला तो या जागी मान्य केल्याने झोनिंगच्या हेतूला बाध येत नाही, हे वाढीव दर्जाच्या पुराव्याने पटवावे लागते. वापर सशर्त असेल तर (डी)(३) लागू होते, आणि त्याच न्यायालयाच्या १९९४ च्या कॉव्हेंट्री स्क्वेअर निकालामुळे प्रश्न बराच आटोपशीर होतो : ती अट पाळली न जाताही ही विशिष्ट जागा त्या वापरामुळे येणाऱ्या अडचणी सामावून घेऊ शकते का? म्हणून अपिलात आधी ऑर्डिनन्सचा योग्य अर्थ लावून मागावा आणि त्याच अर्जात, पर्यायाने, (डी)(३) चा व्हेरियन्स मागावा.

यातील एक अट कदाचित पूर्णच करता येईल. ऑर्डरचा फलक इमारतीच्या मागच्या कोपऱ्याकडे सरकवला तर रांगेत आणखी दोन गाड्या बसण्याजोगी जागा नकाशात दिसते. मात्र तेवढ्यासाठी कुंपणालगतच्या पार्किंगच्या जागा गेल्या, तर पार्किंगसाठी वेगळा ‘सी’ व्हेरियन्स (वापराची नव्हे, तर जागेच्या मापांसारख्या नियमांतली सूट) लागू शकतो. हे गणित नकाशा दाखल करण्यापूर्वी वाहतूक अभियंत्याकडून करून घ्या. मग उरतो तो तीस फुटांचा प्रश्न, आणि तो खऱ्या अर्थाने मागच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न आहे : पहाटेचा स्पीकरचा आवाज, खिडक्यांवर पडणारे दिवे, उभ्या गाड्यांचा धूर. त्यांची तक्रार अवाजवी आहे असे मला वाटत नाही. भरीव कुंपण, स्पीकरचा मर्यादित आवाज आणि सकाळी उशिरा उघडणारी खिडकी हे आपण स्वतःहून देऊ केले, तर आपल्या बाजूने बोर्डापुढे बोलणाऱ्या प्लॅनरची (नगररचना तज्ज्ञाची) साक्ष खूप सोपी होईल.

२०० फुटांच्या आतील सर्व मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही करावी लागते. यात चूक झाली तर मिळालेली मंजुरीही न्यायालयात टिकत नाही. ‘डी’ व्हेरियन्सला हजर सदस्यांचे बहुमत पुरत नाही, पाच होकारार्थी मते लागतात. त्या रात्री पाचच सदस्य आले असतील तर मतदान पुढच्या बैठकीपर्यंत लांबवण्याची विनंती वकिलाने जरूर करावी. आणि बोर्डावर आपल्या ओळखीचे कोणी असेल, तर कृपा करून त्यांना फोन करू नका, कोणामार्फत शब्दही टाकू नका. बोर्ड न्यायाधीशासारखे बसलेले असते. अशा एका फोनने त्या सदस्याला बाजूला व्हावे लागेल आणि आपले एक मत जाईल.

भाडेकरारात ‘सर्व मंजुऱ्या मिळाल्यावर’ असे कलम आहे का, हे आजच पाहा. नसेल तर घरमालकाशी लेखी दुरुस्ती करून घ्या, कारण व्हेरियन्सच्या अर्जाला त्याची संमती लागेलच आणि रिकामी इमारत त्यालाही परवडणारी नाही. भाडे सुरू होण्याची तारीख मंजुरीच्या ठरावाशी जोडू नका. निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून शेजाऱ्यांना सुपीरिअर कोर्टात जायला ४५ दिवस असतात, तेव्हा ती मुदत संपल्यानंतरचीच तारीख धरावी. भाडे सुरू झाले आहे, कर्ज काढले आहे, ही अडचण कितीही खरी असली तरी बोर्डाला ती व्हेरियन्सचे कारण म्हणून धरता येत नाही.