देव झोपतो का?

प्रिय चिनू,

परवा शाळेसाठी इजिप्तच्या देवांचं पोस्टर रंगवता रंगवता तू विचारलंस, "आई, पंढरपूरला आपण देवाला उठवायला गेलो होतो ना? देव झोपतो का? आणि हे इजिप्तवाले?" भाजी करपत होती म्हणून मी टाळलं. आता रात्रपाळीत जरा बसायला मिळालंय.

तुझ्या पोस्टरवरच्या इसिसला, होरसला, अमुन-रालाही रोज उठवायचे! अबायडॉसला सेती राजाने सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बांधलेल्या देवळाच्या भिंतींवर ही नित्यपूजा कोरलेली आहे. पहाटे पुजारी गाभाऱ्याच्या दारावरचं मातीचं सील फोडायचा, कडी सरकवायचा, भूपाळी म्हणायचा. मग मूर्ती पुसून सुगंधी तेल, लिननचं नवं वस्त्र, समोर भाकरी नि बिअर. (हो, बिअर. शाळेत सांगितलंस तरी चालेल.) नैवेद्य दाखवून झाला की पुजारी मंडळी तो वाटून घ्यायची, म्हणजे प्रसादच की. आणि निघताना पुजारी स्वतःच्या पावलांचे ठसे झाडूने पुसत बाहेर यायचा. मला हे फार आवडतं.

तू पाहिलीस ती काकड आरती. काकडा म्हणजे कापडाला पीळ देऊन केलेली जाड वात. मग दिवसभर महापूजा, नैवेद्य, पोशाख, धूपारती, आणि रात्री शेजारती. पण आषाढी आली की विठोबाचा पलंगच काढून ठेवतात. लांबून चालत आलेल्यांना रात्रंदिवस दर्शन द्यायचं, मग झोपणार कधी? उभं राहून पाठ दुखेल म्हणून मागे कापसाचा लोड. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाला न्हाऊमाखू घालणं, आणि शीण जावा म्हणून चक्क काढा देतात.

आता तुझा प्रश्न. झोपायची गरज देवाला नसेलही. पण आजी रोज फोनवर "जेवलात का?" विचारते, ती काय आपण उपाशी असतो म्हणून? घरच्या माणसाला विचारतातच.

सेतीच्या देवळात साध्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत जाताच येत नसे. पंढरपूरला तू थेट पायांवर डोकं ठेवलंस. पण फुशारकी नको. दलितांना त्या देवळाचं दार १९४७ साली उघडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

आपला देव्हाऱ्यातला विठोबा मात्र तुझ्या कॉर्नफ्लेक्सबरोबर साडेसातला उठतो, रविवारी दहाला. उद्या मला यायला उशीर होईल, तेव्हा त्याला तूच उठव. निरांजन लावू नकोस, स्मोक अलार्म वाजतो. साखर ठेव. आणि नंतर ती तूच खा.

तुझी,
आई