सोमवारी नवी नोकरी, शनिवारी बोलावणं

ताई, नमस्कार.

मी 31 वर्षांचा आहे. तो, म्हणजे माझा जोडीदार, आणि मी चार वर्षं एकत्र राहतोय. घरात आमचं बरं चाललंय. भांडणं होतात ती ओल्या टॉवेलवरून नाहीतर बिल भरायला कोण विसरलं यावरून. घराबाहेर पडलो की माझं अवघड होतं.

येत्या सोमवारी मी नव्या नोकरीवर रुजू होतोय. आधीच्या ऑफिसात साडेतीन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. ‘लग्न कधी?’ याचा कंटाळा आला म्हणून एक गर्लफ्रेंड रचली, ती दुसऱ्या शहरात असते असं सांगितलं. मग तिची नोकरी, तिची आई, तिची आजारपणं सगळं लक्षात ठेवणं आलं. जेवताना याचा फोन आला की स्क्रीनवर नाव दिसू नये म्हणून मी फोन पालथा घालायचो. आता नव्या ठिकाणी काय करू? पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होऊ का? रात्री झोप नाही. काम जमेल का याचीही धास्ती आहे, आणि कुठली भीती कशाची हेच कळेनासं झालंय.

दुसरं म्हणजे, त्याला माणसांत रमायला आवडतं. त्याच्या ऑफिसात आमच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्याच्या एका सहकाऱ्याकडे गेलो होतो. कुणीतरी सहज विचारलं, ‘तुमची ओळख कशी झाली?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आम्ही रूममेट आहोत.’ तो काही बोलला नाही. घरी येईपर्यंतही नाही. आता येत्या शनिवारी त्याच लोकांकडून पुन्हा बोलावणं आहे. तसंही तिथे माझं कुणाशी जमलं नव्हतं. मी भित्रा आहे का?

– धास्तावलेला

प्रिय धास्तावलेल्या,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. भित्रा नाहीस. जगात नसलेल्या एका मुलीची नोकरी, आई आणि आजारपणं तू साडेतीन वर्षं सांभाळलीस, वर स्वतःचं कामही केलंस. भित्र्याला एवढं झेपत नाही.

इलान मायर नावाच्या संशोधकांनी 2003 मध्ये या ताणाची नीट मांडणी केली. मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात त्याला. नोकरी, पैसा, घर यांचे ताण सगळ्यांनाच असतात. समलिंगी माणसाच्या वाट्याला त्यावर आणखी काही येतं. प्रत्यक्ष झालेला भेदभाव, तो कधीही होईल म्हणून सतत कान टवकारून बसणं, लपवाछपवी, आणि लोक आपल्याबद्दल जे वाईट बोलतात ते हळूहळू आपल्यालाही पटू लागणं. तुझ्या पत्रात दुसरं आणि तिसरं पानभर आहे. ‘मी भित्रा आहे का’ हे चौथ्यातलं.

आता गुंता सोडवू. आज रात्री झोप येत नसेल तर एक कागद घे आणि मधोमध रेघ मार. तुझ्या घरात त्याच्या जागी एखादी मुलगी असती, तरीही ज्या गोष्टींची भीती वाटली असती त्या सगळ्या डावीकडे लिही. बॉस कसा निघेल, तिथली सिस्टीम कळेल का, पहिल्या मीटिंगमध्ये बोलावं की गप्प बसावं, दुपारी जेवायला कुणाच्या टेबलावर जायचं. उरलेलं उजवीकडे. डावी बाजू लांबलचक होईल असा माझा अंदाज आहे, आणि तिच्यावरचे उपाय अगदी साधे आहेत. पहिल्या आठवड्यात मॅनेजरला सरळ विचार, ‘तीन महिन्यांनी माझं काय झालेलं तुम्हाला बघायचंय?’ भेटलेल्यांची नावं संध्याकाळी लिहून काढ. बावळट वाटणारे प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत उरकून घे. तोवर ते सगळ्यांना माफ असतात.

उजवी बाजू आखूड असेल, पण तीच झोप उडवते. तिच्यातला एक भाग आधी काढून टाकू. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचं भलंमोठं चित्र छापलेला, त्या वयात अंगावर घालायची लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी पाहिला असेल? घालणाऱ्यांना वाटलं, साधारण निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाहिला होता जेमतेम पाव लोकांनी. तुझ्या फोनचंही तेच. शेजारच्याला स्क्रीनवरचं नाव वाचायची फुरसत नसते. त्याला दिसली असलीच, तर तुझी फोन पालथा घालायची घाई.

पण ‘कुणाचं लक्ष नसतं रे’ असं म्हणून मी तुला थोपटणार नाही. टीशर्ट दिसला तर हसण्यावारी जातो. तुझी गोष्ट कळली तर काही ठिकाणी बढती अडते, काही ठिकाणी टोमणे सुरू होतात. म्हणून सांगावं की नाही, कुणाला आणि कधी, हे तू ठरवायचं. मीही नाही आणि तोही नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: न सांगण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, पण या वेळी रचून सांगू नकोस.

न सांगितलेली गोष्ट पुढे कधीही सांगता येते. रचलेली गोष्ट आधी मागे घ्यावी लागते, आणि तिथेच माणसं दुखावतात. ‘मला आधी सांगितलं नाहीस’ याचा राग चार दिवसांत जातो. पण ज्या बाईने त्या मुलीच्या आईची तब्येत दर आठवड्याला मनापासून विचारली असेल, तिला आपण मूर्ख ठरलो असं वाटणारच, आणि मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. शिवाय रचलेलं रोज सांभाळावं लागतं. गप्प राहण्याला कसलीच देखभाल लागत नाही.

गप्प कसं राहायचं? ‘लग्न झालंय?’ – ‘नाही.’ एवढंच. यातलं कसब ‘नाही’ म्हटल्यावर तोंड मिटण्यात आहे. समोरचा दोन सेकंद वाट बघतो, त्या दोन सेकंदांत आपण घाबरून गर्लफ्रेंड जन्माला घालतो. ‘घरी कोण असतं?’ – ‘आम्ही दोघं असतो.’ मराठीत क्रियापद चुगली करतं हे खरं, ‘तो म्हणाला’ की ‘ती म्हणाली’ यातून सुटका नाही. पण ‘आम्ही गेलो होतो’, ‘आम्ही घर आवरलं’ यावर कुणी भुवया उंचावत नाही, आणि यात खोटंही काही नाही. फारच खोदलं तर, ‘घरचं मी ऑफिसात फारसं बोलत नाही हो,’ असं हसून म्हण. एक-दोन वेळा म्हटलंस की लोक दुसरं गिऱ्हाईक बघतात.

पहिल्याच दिवशी सांगून मोकळं व्हायचा विचार मात्र सोड. त्या दिवशी तुला स्वच्छतागृह कुठे आहे हेही विचारावं लागणार आहे. माणसांची पारख कुठून होणार? थोडे आठवडे जाऊ दे. समलिंगी माणसांवर विनोद झाला की कोण खदाखदा हसतं, कोण ताटात बघतं, कोण विषय बदलतं, हे टिपून ठेव. कंपनीचं लेखी धोरण शोधून वाच. भेदभाव करणार नाही असं लिहिलंय, त्यात लैंगिक कलाचा उल्लेख आहे का? विमा फक्त कायदेशीर पती-पत्नीला आहे की एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही? ही कागदपत्रं नव्या माणसाला मिळतातच, का मागितलीस असं कुणी विचारणार नाही. आणि कायदा सगळीकडे सारखा नाही. कुठे तो तुझी नोकरी वाचवतो, कुठे काहीच करत नाही, आणि काही देशांत असं नातं हाच अजून गुन्हा आहे. अशा जागी राहणाऱ्याने गप्प बसल्याचं वाईट वाटून घेऊ नये.

सगळं ठीक वाटलं तर एक माणूस निवड. एकच. त्याला बाजूला घेऊन ‘मला तुला काहीतरी सांगायचंय’ अशी प्रस्तावना करू नकोस. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्याच विषयात सांगून टाक. ‘माझ्या पार्टनरचीही बदली होणार होती, तेव्हा त्यानं हेच केलं,’ आणि बदलीबद्दलच पुढे बोलत राहा. नंतर जाता जाता म्हण, ‘इथे अजून कुणाला माहीत नाही, तुझ्यापाशीच ठेव.’ ऑफिसात गोष्ट फुटायची तर फुटतेच, तेव्हा फुटली तरी चालेल अशी मनाची तयारी झाल्यावरच बोल. कुणी ‘मग तुमच्यात बाई कोण?’ असं विचारलं, आणि एक तरी विचारतोच, तर ‘भांडी मी घासतो, कपडे तो धुतो, तुमच्याकडे कसं?’ म्हणून मोकळा हो. किंवा उत्तरच देऊ नकोस. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला तू काही परीक्षेला बसलेला नाहीस.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच समोर येईल. रुजू होताना भरायच्या फॉर्मवर ‘आणीबाणीत कुणाला कळवावे’ असा रकाना असतो: नाव, फोन, नातं. आधीच्या ठिकाणी तू गावाकडच्या कुणाचा तरी नंबर दिला असशील. या वेळी त्याचा दे. तू चक्कर येऊन पडलास तर तासाभरात पोचणारा माणूस तोच आहे. नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलंस तरी चालतं, तो तुझा मित्र आहेच. फॉर्म चार हातांतून जातो हे लक्षात ठेवून काय ते लिही. आणि नंबर दिल्याचं त्याला सांग, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून तो उचलायचाच नाही.

आता तो. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

ज्या घरात तू ‘रूममेट’ म्हणालास, तिथे सगळ्यांना तुमच्याबद्दल ठाऊक होतं. तू तसं म्हणून लपलं काहीच नाही. विचारणाऱ्यालाही कुठे बघावं कळलं नसेल. आणि ज्याने तुला आपल्या माणसांत कौतुकाने नेलं, त्याला सगळ्यांदेखत मान खाली घालावी लागली. तो काही बोलला नाही हे तू मला सांगतोस. त्याला विचारलेलं पत्रात कुठे दिसलं नाही. महिना झाला! शनिवारच्या आत त्याच्याशी बोल. चुकलं म्हण आणि थांब. ‘तुला माहितीये ना माझं कसं होतं’ हे शेपूट त्याला जोडू नकोस. तुझं कसं होतं हे त्याला ठाऊक आहे, चार वर्षं तोच निस्तरतोय.

मग दोघं मिळून ठरवा. त्याच्या वर्तुळात ओळख तो करून देईल, आणि तू त्याला खोडणार नाहीस. तुझ्या ऑफिसच्या वर्तुळात तू म्हणशील तसं, आणि तिथे त्याने घाई करायची नाही. तुला सवलत हवी तशी त्यालाही थोडी शिस्त हवी: त्याच्या मंडळींत तुझ्या नव्या कंपनीत कुणाला ओळखणारा कुणी आहे का, हे त्याने आधी बघावं. पार्टीतले फोटो टाकताना तुझं नाव जोडायचं की नाही, हेही बोलून घ्या. अशा गोष्टी आयत्या वेळी ठरवायला गेलं की तोंडातून भलतंच बाहेर पडतं.

शनिवारी जा. ‘तिथे माझं कुणाशी जमलं नव्हतं’ हे कारण मला मान्य नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अभ्यास केला. ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, मित्र म्हणण्याजोगं व्हायला 90, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला 200 हून जास्त. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत, म्हणजे ऑफिसातल्या टेबलाच्या भरवशावर राहू नकोस. तू त्या लोकांबरोबर एक संध्याकाळ काढलीस, तीही निम्मी अवघडून.

जाताना निघायची वेळ घरीच ठरवा आणि ती त्याने पाळायची. पोचल्यावर हाताला काम शोध. स्वयंपाकघरात पाणी भरून देणाऱ्याला गप्पा आपोआप चिकटतात. सगळा वेळ त्याच्या कोपराला धरून बसू नकोस. ज्याने मागच्या वेळी विचारलं होतं तो भेटला तर त्याला सांग, ‘त्या दिवशी मी गडबडलो, आम्ही चार वर्षं एकत्र आहोत,’ आणि खरंच तुमची ओळख कशी झाली ते सांग. त्याने तेवढंच तर विचारलं होतं.

झोपेचं म्हणशील तर, नोकरीच्या आधीची एखाद-दोन आठवड्यांची जाग मी मनावर घेणार नाही. रुजू होऊन महिना झाला आणि तरीही रात्र डोळ्यांवरून जात असेल तर समुपदेशक गाठ. पहिल्या भेटीतच विचार, की समलिंगी जोडप्यांबरोबर काम केलंय का. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. तरीही ‘आपण हे बदलू शकतो’ म्हणणारे अजून दुकान मांडून बसलेत. असा कुणी भेटला तर फी न देता उठून ये.

– ताई