भिंतीवरची रेघ

कोल्हापूर

प्रिय पोरी,

तुझी पुराची कविता तीनदा वाचली. एकदा मनात, दोनदा मोठ्यानं. तळमळ खरी आहे. पण ती पोचली तुझ्या सोबतच्या चिठ्ठीतून, कवितेतून नाही. असं का झालं ते या चार ओळींतच सापडतं:

पुराने सारे उद्ध्वस्त झाले
मनी दुःखाचा सागर दाटला
आठवणींचे अश्रू ओघळले
आभाळालाही हुंदका फुटला

दुःख, अश्रू, हुंदका. ही भावनेची नावं झाली, आणि नाव वाचून कुणाचा गळा भरून येत नाही. आपल्या काव्यशास्त्रात या चुकीला 'स्वशब्दवाच्यता' म्हणतात. काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात रसदोष, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुका, सांगताना सुरुवातच इथून केली. त्याच्याही कितीतरी आधी 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतानं रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे वाचणाऱ्याला मिळणारा भावनेचा आस्वाद, तयार होतो असं म्हटलं. स्थायी भावाचं, म्हणजे शोक, क्रोध अशा मूळ भावनेचं, नाव त्या सूत्रात नाहीच. ज्या वस्तूमुळे किंवा प्रसंगामुळे भावना जागी होते तो विभाव. ती माणसाच्या अंगावर, हातापायांत दिसते तो अनुभाव. येऊन जाणाऱ्या छटा त्या व्यभिचारी. कवीच्या हातात एवढंच असतं. बाकीचं वाचणाऱ्याच्या मनात घडतं.

आता शब्दांकडे ये. 'उद्ध्वस्त' हा बातमीतला शब्द. घरातलं कुणी तो बोलत नाही. 'सागर दाटला' म्हणतेस, पण सागर दाटत नाही. ढग दाटतात, कंठ दाटतो. शिवाय कविता आधीच पुराच्या पाण्याची. त्यात तू सागर ओतलास, वर अश्रू, वर आभाळ. चार पाणी एकमेकांत मिसळली आणि एकही दिसेना.

असं कर. कोऱ्या कागदावर पूर शिरलेल्या त्या घरातल्या वीस गोष्टी लिही. नुसत्या वस्तू आणि हालचाली, विशेषण एकही नको. मग कुठल्याही गावच्या, कुठल्याही पुरात असतीलच अशा सगळ्या खोड. तीन-चार उरतील. तुझ्या चिठ्ठीत तर त्या आयत्या आहेत: भिंतीवर उमटलेली पाण्याची खूण, वरच्या फळीवर वाचलेले डबे, आई. त्यांवरून एक कच्चा खर्डा करून बघितलाय:

पाणी उतरलं. भिंतीवर
छातीइतक्या उंचीला रेघ.
आई तिच्यावरून हात फिरवते
आणि वरच्या फळीवरचे डबे मोजते.

पूर ओसरतो, ताप उतरतो, पाणीही उतरतं. 'उतरलं' म्हटलं की आजारपणाची सावली फुकटात मिळते. 'रेषा' लिहिली असती तर भूमितीची वही आठवली असती. 'रेघ' पाटीवरची, पोरांच्या हातची. 'छातीइतकी' या शब्दानं उंची कळते आणि पाणी माणसाच्या अंगाला लागतं; 'चार फूट' लिहून ते झालं नसतं. 'हात फिरवते' हे आपण तापानं फणफणलेल्या पोराच्या पाठीवरून करतो. आणि 'मोजते'. तिथं आई रडते असं लिहायचा मोह होईल. तिला मोजू दे. मोजणाऱ्या बाईकडे बघून वाचणाऱ्याला जे व्हायचं ते होईल.

मग आकडा कवितेत चालतच नाही का? चालतो, जागा बघून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात इथल्या घराघरात हे आकडे देवाच्या नावासारखे घोकले जातात. '३९ झालं' एवढं कुणी म्हटलं की बायका जिन्यावर सामान चढवायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर जास्तच. हा आकडा म्हणजे कोल्हापुरी माणसाच्या भीतीचं नेमकं नाव. सांगलीच्या पुढच्या वाचकाला मात्र तो कळणार नाही, म्हणून आकड्याच्या लगेच पुढे ती जिन्यावर चढणारी गादी किंवा गॅसची टाकी दाखव. स्पष्टीकरणाची ओळ नको.

समानार्थी शब्द असा काही प्रकार कवितेत नसतो. पादत्राण, चप्पल, पायताण: वस्तू एकच, पण पहिला शब्द देवळाबाहेरच्या पाटीवर राहतो, दुसरा दुकानात, तिसरा आपल्या उंबऱ्याशी. पायताणात माया आहे आणि भांडणही आहे, कारण ते हाणायच्या धमकीतही येतं. बापाच्या कवितेत 'पायताण' लिहिलंस तर हे दोन्ही आत येणार, ते पेलायची तयारी ठेव. रंगांचंही तेच. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत रंगाचा फरक शून्य. एकात धुतलेलं धोतर, दुसऱ्यात भ्यालेल्या माणसाचा चेहरा. एकाच्या जागी दुसरा पडला की अख्खी ओळ खोटी वाटते, आणि का वाटते ते वाचणाऱ्याला सांगताही येत नाही.

पण मराठीत भावना सगळ्यात जास्त लपलेली असते ती क्रियापदाच्या शेपटात. नवे कवी विशेषणं शोधत हिंडतात आणि ही खाण तशीच पडून राहते. बघ: ती रडली. तिला रडू आलं. तिला रडू कोसळलं. ती रडत बसली. तिनं रडून घेतलं. पहिल्यात नुसती घटना. दुसऱ्यात तिचा इलाज चालला नाही. तिसऱ्यात बांध फुटला. चौथ्यात सांगणाऱ्याला थोडा कंटाळा आलाय. पाचव्यात एक शहाणी बाई आहे. तिला माहीत आहे की पुढं कामं पडलीत, पाहुणे यायचेत, म्हणून तिनं तेवढा वेळ काढला. 'घेतलं' या एका शब्दात तिचा अख्खा संसार आला. एकाक्षरी अव्ययंही अशीच. 'तू आलास', 'तूही आलास', 'तू आलासच': स्वागत, आश्चर्य, चीड. तुझ्या प्रत्येक क्रियापदाखाली अशी चार-पाच रूपं लिहून बघ, मग ठरव.

प्रतिमा घेताना वस्तूचा कारभार पुरता माहीत हवा. 'राग काहिलीसारखा उकळला' असं तू दुसऱ्या कवितेत लिहिलंस. चांगलं आहे, आपल्या मातीतलं आहे. पण गुऱ्हाळात काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळला की आधी मळी वर येते, ती काढून टाकतात, रस आटत जातो, आणि शेवटी वाफ्यात गार होऊन गूळ धरतो. म्हणजे तुझ्या काहिलीतल्या रागाचा शेवट गोड होणार! वाचणारा शिरोळचा किंवा कागलचा असेल तर तो हे वाचणारच. ते तुला हवं असेल तर मळीपासून ढेपेपर्यंत जा आणि कविता त्या एकाच प्रतिमेवर उभी कर. नको असेल तर नुसतं काहिलीखालचं चुलवाण घे, ज्यात उसाची चिपाडं जळतात आणि मागं राख उरते. बारा-सोळा ओळींना एक प्रतिमा पुरते. दुसरी आलीच तर पहिलीच्या घरातली असू दे. 'सारखा' आणि 'जणू' हे शब्द काढून वाच. त्यांच्याशिवाय ओळ उभी राहिली तर ते परत घालू नकोस.

नादाबद्दल थोडंच. लळा, जिव्हाळा, कळवळा, हळहळ यांत 'ळ' आहे म्हणून 'ळ' मायेचा असं तू लिहिलंस. गाळ, ओंगळ, मळमळ यांतही तो आहे. नाद अर्थाला जोर देतो, अर्थ निर्माण करत नाही. अभंग लिहिणार असशील तर सहा-सहा-सहा-चार अक्षरांतला शेवटचा चारचा चरण अपेक्षेआधी संपतो. सगळ्यात जड शब्द तिथं ठेव आणि तो साधा असू दे.

खर्डा झाला की आठ दिवस बघू नकोस. मग मोठ्यानं वाच. जीभ अडखळली तिथं बहुतेक पुस्तकातला शब्द बसलेला असतो. आवाज आपोआप रडवा झाला तर तिथं तू वाचणाऱ्याच्या वाटचं रडून घेतलंयस. ती ओळ काढ.

वरच्या खर्ड्यात मला एक जागा अजून खटकते. तिसऱ्या ओळीत 'हात फिरवते' हवं की 'हात ठेवते'? फिरवण्यात माया आहे. ठेवण्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं याची खात्री करून घेणं आहे, आणि मग पुढचं 'मोजते' वेगळंच ऐकू येतं. तू तिथं होतीस. आईनं नक्की काय केलं ते आठव आणि कळव.

अनेक आशीर्वाद.