ठासणीची रायफल आणि हरणाची शिकार : गोळी कोणती, दारू किती?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो आणि तेथे स्थायिक झालेले काही मराठी वाचकही आता त्यात उतरू लागले आहेत. त्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि कोकणातून आलेला एक प्रश्न येथे घेतला आहे. वेगळे सांगितले नसेल तेथे दारूचे आकडे काळ्या दारूचे आणि मापाने, म्हणजे काट्यावर न तोलता, मोजलेल्या ग्रेनचे (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आहेत. आपल्या बंदुकीच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादा यांहून कमी असेल, तर पुस्तिकाच प्रमाण मानावी.

प्रश्न : मी ओहायोत राहतो. नवी .५० कॅलिबरची (नळीचा आतला व्यास अर्धा इंच) इनलाइन रायफल घेतली आहे, म्हणजे ठासणीचीच, पण बार पेटवणारी केप नळीच्या सरळ मागे असलेली. नळीला २८ इंचांत एक पीळ आहे, म्हणजे आतल्या खाचा तेवढ्या अंतरात एक पूर्ण फेरा घेतात. दुकानदाराने दाबून घट्ट केलेल्या दारूच्या ५० ग्रेनच्या तीन वड्या, म्हणजे १५० ग्रेन, घालण्यास सांगितले. हरणासाठी एवढी दारू लागते का?

उत्तर : लागत नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी दोन वड्या, म्हणजे १०० ग्रेन, पुरेशा आहेत आणि माझ्या मते सुट्या दारूचे ८० ते १०० ग्रेन त्याहूनही चांगले. दारू वाढवली की वेग वाढतो हे खरे, पण तो त्याच प्रमाणात वाढत नाही. नळी २४-२६ इंचांची असेल, तर तिसऱ्या वडीचा बराचसा भाग धूर, काजळी आणि खांद्यावरचा धक्का यांतच खर्च होतो. धक्क्याची धास्ती बसली की नेमबाज चाप ओढताना अंग आखडतो, आणि मग गोळी फासळ्यांऐवजी पोटात जाते. जखमी होऊन रात्रभर तडफडणारे हरिण ही या छंदातील सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि ती टाळण्याचे साधन दारू नसून अचूकता आहे.

आपल्या नळीचा पीळ जलद आहे, म्हणून तिला लांबट गोळी मानवते. सेबोत (गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणात) बसवलेली .४५ व्यासाची, २५० ते ३०० ग्रेनची गोळी घ्यावी. सुटी दारू ८० ग्रेनपासून सुरू करून दर वेळी ५ ग्रेन वाढवावी, प्रत्येक मापाचे तीन बार टेकूवरून ५० यार्डांवर आणि नंतर १०० यार्डांवर काढावेत, आणि प्रत्येक बारानंतर नळीतून ओलसर व मग कोरडी चिंधी फिरवावी. ज्या मापाला तिन्ही छिद्रे सर्वांत जवळ पडतील, तेथे थांबावे. गोळीचा प्रकार बदलला, सेबोचा रंग जरी बदलला, तरी ही चाचणी पुन्हा करावी लागते, कारण वेगवेगळ्या रंगांच्या सेबोंची जाडी आणि कडकपणा बहुधा वेगळा असतो.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या हंगामासाठी मी चकमकीची .५० कॅलिबरची रायफल घेतली आहे. पीळ ६६ इंचांत एक आहे. गोल गोळीने हरिण पडते का, आणि किती अंतरावरून?

उत्तर : पडते, अंतराची मर्यादा पाळली तर. पेनसिल्व्हेनियातील हा चकमकीच्या बंदुकांचा हंगाम १९७४ पासून चालू आहे, आणि तो मला विशेष आवडतो, कारण त्यात शिकाऱ्याला हरणाच्या जवळ जावेच लागते. इतका मंद पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठीच कापलेला असतो. त्यातून लांबट गोळी किंवा सेबो झाडले, तर ते हवेत स्थिर राहत नाहीत.

गोळी .४९० व्यासाची, शुद्ध मऊ शिशाची घ्यावी. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन भरते. कापड सुती, घट्ट विणीचे, सुमारे .०१५ इंच जाडीचे आणि वंगण लावलेले असावे. गोळी अंगठ्याने सहज आत सरकत असेल तर ती सैल आहे, आणि हातोडीने ठोकावी लागत असेल तर कापड जाड आहे. झाडल्यानंतर जमिनीवर पडलेले कापड उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी. ते कडांना थोडे उसवलेले पण अखंड असेल तर जोडणी जमली. मध्ये जळून भोक पडले असेल, तर दारू जास्त, कापड पातळ किंवा वंगण अपुरे आहे.

नळीत दोन एफ दर्जाची (मध्यम जाडीच्या दाण्यांची) काळी दारू घालावी. ६० ग्रेनपासून सुरुवात करावी. बहुतेक नळ्या ७० ते ९० ग्रेनच्या दरम्यान कोठेतरी उत्तम चालतात. रंजकासाठी चार एफची बारीक दारू पेल्यात थोडीच घालावी आणि कानावर (पेल्यातून नळीत आग नेणाऱ्या छिद्रावर) तिचा ढीग होऊ देऊ नये. कान झाकला गेला, तर ठिणगी आणि बार यांच्यामध्ये उशीर होतो. वड्या किंवा पर्यायी (काळ्या दारूऐवजी विकली जाणारी) दारू या बंदुकीत वापरू नये, कारण त्यांना पेट घेण्यासाठी अधिक उष्णता लागते आणि चकमकीची ठिणगी तेवढी देऊ शकत नाही.

आता अंतर. गोल गोळी हवेला फार अडते. तोंडाशी सेकंदाला १,९०० फुटांच्या आसपास असलेला वेग १०० यार्डांवर साधारण १,१०० ते १,२०० फुटांवर येतो, म्हणजे ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांशच उरते. दारू २० ग्रेनने वाढवली तरी तोंडाशी मिळालेली आघाडी लांबवर जवळपास नाहीशी होते. म्हणून ७५ यार्डांपलीकडे मी .५० ची गोल गोळी झाडण्याचा सल्ला देणार नाही. त्या आत, हरिण आडवे उभे असताना पुढच्या पायामागे फुप्फुसात बसलेली मऊ शिशाची गोळी आपले काम चोख करते.

प्रश्न : कोलोरॅडोचा ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला आहे, पण तेथे सेबो चालत नाहीत असे कळले. माझी रायफल इनलाइन आहे. काय भरावे?

उत्तर : तेथील नियम कडक आहेत. या हंगामात सेबो, दारूच्या वड्या, धूरविरहित दारू आणि दुर्बीण यांना मनाई आहे, आणि गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक चालत नाही. हरणासाठी .४० कॅलिबर चालते, मात्र एल्कसाठी (हरणाची एक मोठी जात) किमान .५० हवे. आपण पूर्ण व्यासाची मऊ शिशाची, ३५० ग्रेनच्या आसपास वजनाची लांबट गोळी घ्यावी आणि ७० ते ९० ग्रेन सुटी दारू घालावी. गोळी जड असल्यामुळे धक्का जोरदार बसतो, म्हणून मापाच्या खालच्या टोकापासून चढत जावे. चढउतारांवरून चालताना नळी खाली झुकल्यास अशी गोळी पुढे सरकू शकते. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली, तर नळी फुटण्याचा धोका असतो. बार पूर्ण ठासल्यावर गजावर खूण करून ठेवावी आणि दिवसातून अनेकदा गज आत घालून ती जुळते का हे पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे अचूक इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दारू त्यावर तोलून घालणे अधिक चांगले नाही का?

उत्तर : तोलण्यातील अचूकता चांगली, पण आकडा चुकीचा धराल तर ती जिवावर बेतेल. खऱ्या काळ्या दारूचे माप आणि वजन जवळपास सारखे येते. पर्यायी दारू मात्र हलक्या असतात. ब्लॅकहॉर्न २०९ या पर्यायी दारूचे मापाचे १०० ग्रेन काट्यावर सुमारे ७० ग्रेन भरतात. काट्यावर १०० ग्रेन तोलून घातले, तर ते मापाने १४० हून अधिक होतात आणि उत्पादकाने ठरवलेली १२० ची कमाल मर्यादा ओलांडतात. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू तर मापाला माप घेतली तरी काळ्या दारूपेक्षा जोरकस असते. तिचे माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरावे. तोलायचेच असेल, तर आपल्या दारूच्या उत्पादकाने दिलेला वजनाचाच आकडा घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. काडतुसांत भरतात ती धूरविरहित दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत थोडीशीसुद्धा, मिसळूनसुद्धा, घालू नये. तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये, कारण मागच्या बाराची ठिणगी आत जिवंत असेल तर अख्खा डबा हातात पेटेल; आधी मापात घ्यावी, मग नळीत.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि शिकारीचे मांस घरातील लहान मुलेही खातात. शिशाची गोळी वापरणे योग्य आहे का?

उत्तर : आपल्यापुरता प्रश्न कायद्यानेच सुटला आहे, १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते, आणि ठासणीची बंदूकही त्यातून सुटलेली नाही. कायदा नसता, तरी घरात मुले असताना मी तांब्याचीच गोळी सुचवली असती. शिशाची गोळी वेगाने आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला जलद पीळ लागतो; २८ इंचांत एक पिळाच्या नळीत सेबोतील २५० ग्रेनची तांब्याची गोळी चांगली चालते. मात्र ती उमलण्यासाठी वेग लागतो. गोळीच्या पुडक्यावर किमान वेग दिलेला असतो, त्यावरून आपले अंतर ठरवावे.

प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गातील घरी आजोबांची केपाची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. हीच मापे तिला चालतील का?

उत्तर : नाही. वरील मापे कारखान्यात दाबाची चाचणी झालेल्या आजच्या नळ्यांसाठी आहेत. जुन्या नळीचे पोलाद, तिच्यातील गंज आणि कानाजवळची झीज यांचा अंदाज बाहेरून येत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात हरणांच्या शिकारीला बंदी आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. परवाना आजोबांच्या नावावर असेल, तर आधी पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची स्थिती नियमित करून घ्यावी. त्यानंतर बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यावी आणि आत बार आहे का हे प्रथम पाहायला सांगावे. त्यासाठी नळीत गज घालून तोंडाशी खूण करतात आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून कानापर्यंत लावून पाहतात. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचे टोक कानाच्या अलीकडे चार बोटे संपत असेल, तर बंदूक अजून भरलेली आहे असे समजावे आणि केप तिच्याजवळही आणू नये.