कडक पंथ सोडल्यावर देव मानायचा की नाही?

तुम्ही विचारलंय की घरचा कडक पंथ सोडून काही वर्षं झाली, तरी देव आहे म्हणायला मन धजत नाही आणि नाही म्हणायला भीती वाटते. अशा वेळी काय करावं आणि घरच्यांना काय सांगावं.

मी औसा तालुक्यातली. आमचं घरही असंच एका पंथाचं. त्याचं नाव घेत नाही, कारण त्यातली माणसं अजून माझीच आहेत. कळायच्या आधीच मला नाम दिलं होतं. पहाटेचा जप चुकवायचा नाही, कांदा-लसूण नाही, पंथाबाहेरच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, दुसऱ्या कुठल्या देवाला हात जोडायचे नाहीत. तुळजापूरला पायी जाणारी माणसं गावातून निघाली की आमचं दार आतून लावलेलं असायचं. पण या सगळ्यांपेक्षा कडक नियम एकच होता: शंका घ्यायची नाही. मनात आली तर ते पाप, आणि दुसऱ्याला बोलून दाखवली तर दोघांनाही पाप.

आधी एक गोष्ट सुटी करून घ्या. पंथ सोडणं आणि देव नाकारणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं तुम्ही केलंय. दुसरं करायलाच हवं असं नाही, आणि करायचं असलं तरी त्याची घाई नाही. आपल्याला ती दोन्ही एकच वाटतात, कारण पंथानंच तसं शिकवलेलं असतं: आमचा देव, नाहीतर कुठलाच नाही.

माझी शंका किल्लारीच्या भूकंपातून आली. तो ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद असे दोन जिल्हे मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरचं कुणी गेलं नाही. पंथात ते कायमचं उदाहरण होऊन बसलं: नाम घेणारं घर वाचलं. कुणी नवं माणूस आलं की वडील ही हकिकत सांगायचे, सगळे हात जोडायचे आणि मीही जोडायची.

पुढे शिकायला लातूरला गेले तेव्हा भूकंपात काय पडलं आणि का पडलं ते वाचायला मिळालं. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडाच्या, चांगल्या रुंद, पण चिखलात रचलेल्या. वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. हादरा बसला की मात्र भिंत फुटते आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते. असं घर बांधायला ऐपत लागायची. आमची ती नव्हती. कुडाच्या भिंती आणि वर पत्रे, एवढंच आमचं घर. कुड हलला, पत्रे वाजले, आम्ही बाहेर आलो. आम्ही गरीब होतो म्हणून वाचलो.

शेजारच्या माळवदातला मुलगा माझ्या वर्गात होता. तो गेला. त्या घरात विठ्ठलाची रोज पूजा व्हायची, एकादशी कधी चुकली नाही. त्याची आई पुढे कितीतरी दिवस आमच्या ओसरीवर येऊन बसायची आणि तिच्यासमोरच आमच्या घरात कृपेची ती हकिकत सांगितली जायची. आम्ही कृपेनं वाचलो हे खरं धरायचं, तर त्या बाईचा काहीतरी दोष असायलाच हवा. हे एकदा डोक्यात आलं आणि परत गेलं नाही. आपली माणसं निवडून वाचवणारा, बाकीच्यांवर छप्पर पडू देणारा देव मी मानत नाही, आणि हे म्हणताना मला आता जराही भीती वाटत नाही. तुम्हीही स्वतःला विचारून बघा की नेमक्या कुठल्या देवाला नाही म्हणायची भीती वाटतेय. बहुतेक वेळा तो तुमच्या पंथाचाच निघेल.

भीती मात्र विचारापेक्षा फार उशिरा जाते, हे मनाशी पक्कं धरा. मी पंथ सोडला, पहिल्यांदा कांदाभजी खाल्ली आणि रात्रभर जागी राहिले. पुढे लेकराला ताप आला तेव्हा पहिला विचार शिक्षेचा आला, डॉक्टरचा नंतर. कासरा सोडला तरी बैल रोजच्याच गोठ्याकडे वळतो, तसं मनाचं आहे. पण ही भीती म्हणजे देव असल्याचा पुरावा नव्हे. असती, तर आपल्याला सगळ्याच धर्मांच्या देवांची सारखीच भीती वाटली असती. ज्याची लहानपणी घातली, त्याचीच वाटते. आणि तुमची झोप, जेवण, कामधंदा यावर परिणाम होत असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवायला लाजू नका. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

देव नसेल तर जगायचं कशावर, ही धास्ती मलाही होती. तेव्हा मला वेरूळनं आधार दिला. १ ते १२ लेणी बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची, ३० ते ३४ जैनांची, सगळी एकाच डोंगरात. यातले बौद्ध आणि जैन जग निर्माण करणारा ईश्वर मानतच नाहीत. हिंदूंच्या सहा दर्शनांतही, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांतही, सांख्य आणि मीमांसा यांना तसा निर्माता लागत नाही. ईश्वर न मानणाऱ्या माणसांनी दया, संयम, सत्य यांवर पिढ्यान् पिढ्या आयुष्यं उभी केली, आणि तीही आपल्याच मुलखात. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर उघड नास्तिक होते. मराठवाडा त्यांना आजही गुरुजी म्हणतो. दुसऱ्या बाजूला आपल्याच गंगाखेडची जनाबाई विठ्ठल मानायची आणि त्याच्याशी कडाकडा भांडायचीही. शंकेला पाप म्हणणं ही पंथाची गरज असते. देव मानणाऱ्यांनासुद्धा ती लागत नाही.

एक सांभाळा. रिकामं वाटतं म्हणून लगेच दुसऱ्या बाबाच्या बैठकीला जाऊ नका. आणि जिथे श्रद्धाळू माणसाची टर उडवली की आपलं म्हणतात, अशा मित्रांतही फार रमू नका. तिथेही शंकेला जागा नसते.

मी आज कुठे आहे, तर देव आहे असं म्हणत नाही आणि नाही असंही छातीठोक म्हणत नाही. हरिपाठ मला आवडतो, म्हणून गावातल्या देवळात जाऊन मागे बसते. तू काय मानतेस असं तिथे कुणी विचारत नाही. पंथात पन्नास माणसांत बसूनही असं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

आता घरच्यांचं. पंथाच्या लोकांनी एकत्र येऊन तुमच्याशी बोलणं, येणं-जाणं, लग्नकार्य तोडायला लावलं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांत तक्रार करता येते. आई-वडिलांशी मात्र कायद्यानं बोलू नका आणि देव आहे की नाही यावर वादही घालू नका. तो वाद कुणी जिंकत नाही. मी मायला एवढंच सांगितलं होतं की मी आता नाम घेत नाही, बैठकीला येणार नाही, बाकी तुझी लेक आहे ती आहे. ती रडली, बरेच दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. तुम्हीही दवाखान्याला, लग्नाला, पेरणीला सगळ्यांच्या आधी हजर राहा आणि बैठकीला स्पष्ट नाही म्हणा. तब्येत बरी नाही, सुट्टी नाही अशी कारणं काढू नका. कारण काढलंत की ते त्या कारणावर उपाय शोधतात आणि पुढच्या बैठकीला पुन्हा बोलावतात.