निळी शेपटी दिसली की लगेच 'नर' लिहू नका

तळ्याकाठी, भातखाचरात सहज दिसणारी सेनेगल गोल्डन डार्टलेट ही टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक) आधी नीट शिका. हिच्या माद्या दोन प्रकारच्या असतात. काही थेट नरासारख्या, हिरवट छातीच्या आणि शेपटीच्या टोकाशी निळ्या. दुसऱ्या कोवळ्या वयात झकास नारिंगी आणि पुढे मळकट हिरव्या-तपकिरी. नारिंगी आणि तपकिरी ही वेगळी जात नव्हे, या दुसऱ्या प्रकारातला वयाचा फरक आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

ओळखायचं कसं? फोटो बाजूने काढा. पोटाच्या आठव्या-नवव्या खंडाखाली अंडी घालायचं पात्यासारखं अंग दिसलं तर मादी. नराच्या दुसऱ्या खंडाखाली फुगीर भाग असतो. रंग शेवटी बघा.

नरांचीही इथे फसगत होते. कुठली मादी हे ते अनुभवाने शिकतात. आधी ज्या रंगाच्या मादीशी मीलन झालं, तिच्याकडे पुढे जास्त वळतात. नरासारखी दिसणारी मादी त्यामुळे दुसऱ्या रंगाला सरावलेल्या नरांच्या त्रासातून पुष्कळदा सुटते. या जातीत मीलन तासन्‌तास चालतं, म्हणजे तेवढा वेळ अंडी घालणं आणि खाणं बंद! माझ्या मते या टाचणीच्या अभ्यासातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे नरांचं हे शिकणं. म्हणून सकाळी लवकर जा, जोड्या तेव्हा सापडतात, आणि प्रत्येक जोडीतल्या मादीचा रंग वहीत टिपा.